अंकीय औद्योगिक तंत्रविद्येची सिद्धता

संवेदक, संगणकीय नियंत्रण, यंत्रमानव, कृत्रिम बुद्धिमत्ता इ. अंकीय साधने उत्पादनात सामावून घेण्याची एखाद्या देशाची पात्रता. अशा साधनांनी परस्परांशी जोडलेल्या कारखानदारीस उद्देशून ‘उद्योग ४.०’ ही संज्ञा जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक प्रदर्शनात २०११ मध्ये पुढे आली. विकसनशील देशांत ही पात्रता केवळ यंत्रे विकत घेतल्याने येत नाही. पाणी, भांडवल, कार्यशाळा व कुशल कारागीर यांच्या दीर्घकालीन संचयातून ती घडते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील लासुर्णे–वालचंदनगर परिसर हे याचे बोलके उदाहरण होय.

हा प्रदेश मूळचा अवर्षणप्रवण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर येथे ऊसशेती वाढली. साखर उद्योगास १९३२ च्या कायद्याने जकातसंरक्षण मिळाले. त्याच दशकात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी कळंबजवळ साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत वसली. स्वातंत्र्योत्तर काळात येथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊ लागली. पुढे सिमेंट, अणुऊर्जा व अवकाश या क्षेत्रांसाठीही अवजड यंत्रभाग बनू लागले. चांद्रयान–३ घेऊन १४ जुलै २०२३ रोजी झेपावलेल्या प्रक्षेपकाच्या घन इंधन टप्प्यांच्या कवचांचे काही भाग वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुरविले होते.

सिद्धता मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद (अंक्टाड) एक निर्देशांक तयार करते. माहिती-संदेशवहनाचा प्रसार, कौशल्ये, संशोधन, औद्योगिक क्षमता व अर्थपुरवठा ही त्याची पाच अंगे होत. २०२५ च्या अहवालात १७० देशांत भारताचा क्रमांक ३६ वा होता. तथापि अंगवार क्रमांकांत मोठी तफावत दिसते : संशोधनात ३ रा, औद्योगिक क्षमतेत १० वा, अर्थपुरवठ्यात ७० वा, संदेशवहनात ९९ वा व कौशल्यांत ११३ वा.

हीच विषमता स्थानिक पातळीवरही महत्त्वाची ठरते. शेजारच्या बारामती येथील कृषी विकास संस्थेने २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग हाती घेतले. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र व उपग्रहीय प्रतिमा यांच्या आधारे पाणी व खते यांविषयीचा सल्ला शेतकऱ्यास भ्रमणध्वनीवर मिळतो. मात्र असा सल्ला उपयोगी पडावयाचा, तर संपर्कयंत्रणा अखंड हवी, पाण्याची पाळी वेळेवर यावयास हवी, उपकरणांचा खर्च अल्पभूधारकास पेलला पाहिजे आणि बिघाड दुरुस्त करणारा कारागीर जवळपास असावयास हवा.

म्हणून देशाच्या सिद्धतेचे मूल्यमापन केवळ सरासरी क्रमांकावरून करणे अपुरे ठरते. प्रक्षेपकाचे भाग घडविणारी कार्यशाळा आणि तिच्या आसपासचे उसाचे शेत यांतील अंतर किती कमी झाले, ही त्याची अधिक खरी कसोटी होय.