शाई म्हैसूरची, मत लोंढ्याचं

पहिल्या निवडणुकीतलं आज्जीला काय आठवायचं, तर पेट्या. 1952 साल. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं आमचं लोंढा तेव्हा मुंबई राज्यात होतं. शाळेच्या खोलीत पडदा लावलेला, पडद्यामागे लोखंडी पेट्या ओळीने मांडलेल्या. जितके उमेदवार तितक्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर ज्याचं त्याचं चित्र. बैलजोडी काँग्रेसची. कागदावर शिक्का मारायचा नव्हता, काही लिहायचं नव्हतं. हातात दिलेला कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकला की झालं. लोकसभेच्या पेट्या वेगळ्या, विधानसभेच्या वेगळ्या. शेजारच्या एका म्हातारीने पेटीला हात जोडून कनवटीचा पैसाही आत सोडला, असं आज्जी सांगायची. अशी गोष्ट देशातल्या बऱ्याच गावांत सांगतात, त्यामुळे आज्जीने ती पाहिली की कुणाकडून ऐकली, हे मी कधी खोदून विचारलं नाही.

तिची स्वतःची गोष्ट मात्र पक्की होती. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने तिला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता त्या काळातली बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव कशी घेणार? आज्जी म्हणाली, "तुझ्या कागदावर लिवलंय नव्हं? मग मला कशाला विचारतोस? तूच वाच की." कारकुनाने वाचलं, आज्जीने मान हलवली, काम झालं. तिच्या मागच्या बाईने म्हणे सरळ उखाणा घेतला आणि पुरुषांची रांगसुद्धा हसली. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहून घेतलं गेलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि जवळपास 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली. आमच्या आज्जीचं नाव यादीत तिच्याच नावाने होतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने शेवटपर्यंत मिरवला.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला आणि त्याबरोबर लोंढाही. पाच महिन्यांच्या आत, 1957 ची निवडणूक आली. तीच शाळा, तशाच पेट्या, पण या खेपेला आमदार बंगळूरच्या विधानसभेत बसणार होता. आमचे आबा रेल्वेत होते आणि फार बोलणारे नव्हते. या एका विषयावर मात्र ते बोलत. ते म्हणायचे, "मत कुणाला द्यायचं हे आम्हाला विचारलं, पण कुठल्या राज्यात राहायचं हे कुणी विचारलं नाही. मग एकात दुसऱ्याचं उत्तर देऊन टाकलं." मराठी सीमाभाग महाराष्ट्राला जोडावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार इथून निवडून आले ते याच हिशेबाने. रस्ता, पाणी, दवाखाना हे प्रश्न नंतरचे. लोंढ्याच्या त्या पिढीसाठी प्रत्येक विधानसभा निवडणूक हा सार्वमताचा पर्यायच होता. माझ्या मते यात त्यांचा तोटाही झाला. ज्या मतावर रस्ता मागायचा तेच मत भाषेपायी खर्ची पडलं, आणि खानापूरच्या जंगलातल्या वाड्या पायवाटेवरच राहिल्या. पण त्यांना दुसरी जागाच कुठे दिली होती?

कुठल्या राज्यात राहायचं हे लोकांना विचारणं शक्य नव्हतं असंही नाही. लोंढ्याहून गाडी निघाली की तिनईघाट, कॅसलरॉक आणि मग घाट उतरून गोवा. 1955 ला पोर्तुगिजांशी बिनसल्यावर ती वाट बंद झाली होती. गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा उघडली. त्याच गोव्यात 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. 1,72,191 लोकांनी पानांवर शिक्का मारला, 1,38,170 जणांनी फुलावर. आबांच्या गोव्यातल्या एका नातलगाने फुलाला मत दिलं आणि ते हरलं. तो लोंढ्याला आला की गोव्याने कसा दगा दिला ते सांगत बसे. आबा ऐकून घेत आणि म्हणत, "हरलास, पण तुला विचारलं तरी." त्याच वर्षी सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यात खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. लोंढ्यात त्यावर कित्येक दिवस वाद चालला म्हणतात. बेळगाव सोडून आपण एकटेच पलीकडे जायचं का, हा प्रश्न सोपा नव्हता. स्टेशनावर तर कानडी, तमिळ, कोकणी बोलणारेही सहकारी होते.

मधल्या काळात पेट्यांची पद्धत गेली. त्या पद्धतीत एक भोक होतं. कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येई आणि विकताही येई. 1962 पासून सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर आली आणि मतदाराच्या हातात शिक्का आला. बोटाला लागणारी न पुसणारी शाईही त्याच निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येऊ लागली. हा कारखाना 1937 साली म्हैसूरच्या महाराजांनी काढलेला. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ते काळं पडतं. आजही देशभरातल्या बोटांना तिथलीच शाई लागते. आबांना हे कळलं तेव्हापासून मत देऊन घरी आले की बोट दाखवून ते एकच वाक्य बोलत: "मत मराठीला, शाई म्हैसूरची." त्यात राग किती आणि गंमत किती हे सांगणं कठीण होतं.

एकदा आबा समितीच्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसले. प्रतिनिधीला यादी हातात घेऊन येणाऱ्या माणसाची ओळख पटते का हे पाहायचं असतं. संशय आला तर आक्षेप घ्यायचा, पण फुकट नाही. दोन रुपये आधी भरायचे. आक्षेप उगाच घेतला असं केंद्राध्यक्षांना वाटलं तर ते पैसे जप्त होतात, आणि ही रक्कम नियमात अजूनही दोन रुपयेच आहे. आबांनी एका काळ्याकुट्ट माणसावर आक्षेप घेतला, हा यादीतला नव्हे म्हणून. तो निघाला इंजिनातला फायरमन, ड्युटी संपवून तोंड न धुता थेट आलेला. त्याने बादली मागवून तिथेच तोंड धुतलं आणि आबांनी त्याला ओळखलं. दोन रुपये गेले. तो फायरमन पुढे कैक वर्षं स्टेशनावर आबांना पाहिलं की आधी तोंडावरून हात फिरवायचा.

मराठी मतदार आणि कानडी कर्मचारी यांची त्या खोलीतली गाठ हा स्वतंत्र विषय आहे. धारवाडकडून आलेले मास्तर 'हेसरु एनु?' म्हणत, बायका आडनावापासून सांगायला लागत आणि मधे गावचा पोलीसपाटील दोन्हीकडे मान डोलावत असे. बाहेर याच दोन भाषांवरून मोर्चे निघाले, दगड पडले. आत मात्र कुणी आवाज चढवल्याची एकही गोष्ट आमच्या घरात सांगितली गेली नाही. दुपारी त्या मास्तरांना जेवण कुठून येई, तर शेजारच्या मराठी घरांतून. नियमाला हे धरून होतं का, मला शंका आहे.

काकांची गोष्ट गाडीच्या वेळापत्रकाची. ते मालगाडीवर होते. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी असते, पण गाडी थांबत नाही. गाडी यार्डात लागली तेव्हा केंद्र बंद व्हायला काही मिनिटंच उरली होती. ते धावत आले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले. वेळ संपली की जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देऊ द्यावं लागतं, मग रात्र झाली तरी चालेल. मागून कुणी घुसू नये म्हणून केंद्राध्यक्षांच्या सहीच्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात. म्हणून काकांना पहिली चिठ्ठी मिळाली. "आयुष्यात पहिला नंबर आला तो असा, शेपटाला उभं राहून," ते म्हणायचे.

बेळगावात मात्र हट्ट वेगळ्याच थराला गेला. 1985 च्या विधानसभेला बेळगाव मतदारसंघात 301 उमेदवार उभे राहिले. 1996 च्या लोकसभेला 456. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने घराघरातून अर्ज भरून घेतले होते. मतदान पुढे ढकलावं लागलं. तिकडचे मामा मतपत्रिकेचं वर्णन हात पसरून करत. लक्ष गेलं, पण भलत्याच गोष्टीकडे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा बदलला, लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. आमच्या लोंढ्याला या गमतीत भागच घेता आला नाही. खानापूर तालुका जिल्ह्याने बेळगावात, पण लोकसभेला कारवार-शिरसीच्या मतदारसंघात. आमचा खासदार घाटापलीकडचा.

माझं पहिलं मत 1989 चं. त्याच वर्षी मार्चमध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं होतं आणि नोव्हेंबरात लोकसभा, विधानसभा एकदमच होत्या. पांढरी पत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. घडी आधी उभी घालायची, मग आडवी, म्हणजे ओला शिक्का दुसऱ्याच्या चित्रावर उमटत नाही. हे मला आज्जीने आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या कागदावर शिकवलं, शाळा न शिकलेल्या आज्जीने. आता यंत्र आहे, घडीचं कौशल्य वाया गेलं. बटण दाबलं की सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते.

2023 च्या विधानसभेला कर्नाटकात 80 वर्षांवरच्यांना घरबसल्या मत द्यायची सोय झाली. आमच्या मावशीकडे कर्मचारी आले, पत्रिका दिली, पाकीट बंद करून नेलं. मावशी नाराज. नवं लुगडं काढून ठेवलं होतं, ते कुणी पाहिलंच नाही. केंद्राच्या शंभर मीटरच्या रेषेबाहेर झाडाखाली बसून कोण कुणाबरोबर आलं हे बघायचं, ते राहिलं ते राहिलंच. पुढच्या निवडणुकीचं विचारलं तर "मी चालत जाईन" म्हणाली. तो अर्ज ऐच्छिक असतो, तेव्हा तिला कुणी अडवू शकत नाही.

समितीचा आमदार खानापुरातून शेवटचा 2013 ला निवडून आला. 2018 ला काँग्रेस, 2023 ला भाजप. तरुणांना आता रस्ता आधी हवा आहे आणि गोव्यातल्या नोकऱ्यांकडे जाणारी गाडी वेळेवर हवी आहे, आणि त्यात चूक काही नाही. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा मात्र निकालाविना पडून आहे. तोवर लोंढ्याचा मतदार विधानसभेला खानापूर, लोकसभेला उत्तर कन्नड.