स्वतंत्र चित्रपटकारांची पूर्वपीठिका

पश्चिम रेल्वेने दहिसरहून दक्षिणेस निघाल्यास चौथे स्थानक गोरेगाव होय. तेथे १९७७ साली स्थापन झालेल्या चित्रनगरीस आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. स्वतः फाळक्यांना मात्र आपल्या पहिल्या चित्रपटासाठी अशी कोणतीही नगरी उपलब्ध नव्हती. सिद्ध चित्रसंस्थेच्या आश्रयावाचून चित्रपट निर्माण करणाऱ्यास आपण स्वतंत्र चित्रपटकार म्हणतो. असे लोक कोठून आले आणि त्यांचा निर्वाह कशावर चालला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रणव्यवसाय असा त्यांचा प्रवास झाला. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. परत आल्यावर रोपट्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट त्यांनी तयार केला व तो दाखवून कर्ज उभारले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या उद्योगात सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने खर्ची पडले. मंडळींचा स्वयंपाक आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्यांनीच केले.

कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकाचे पडदे रंगविणारे कलावंत. कॅमेरा त्यांनी स्वतः घडविला. परंतु महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहण्यास गायिका तानीबाई कागलकर यांचे द्रव्यसाह्य कारणीभूत झाले. पुढे हीच कंपनी एक शाळा ठरली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम येथेच तयार झाले व १९२९ साली त्यांनी 'प्रभात'च्या स्थापनेत भाग घेतला. म्हणजे एका पिढीचे स्वातंत्र्य पुढील पिढीची उमेदवारी झाली.

कायम पगारावर माणसे ठेवणाऱ्या संस्था लयास गेल्यानंतर ही उमेदवारीही संपली आणि नवे चित्रपटकार पुनश्च बाहेरून येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे मराठीचे एम. ए. आणि कवी. 'पिस्तुल्या' या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यानंतर त्यांचा 'फँड्री' (२०१३) आला. मुंबईचे चैतन्य ताम्हाणे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी व नाटककार. त्यांच्या नाटकात काम केलेले नट विवेक गोंबर यांनी त्यांना लेखनकाळात मासिक वेतन दिले आणि पुढे 'कोर्ट'ची निर्मितीही केली. २०१४ साली व्हेनिस येथे त्या चित्रपटास दोन पारितोषिके मिळाली.

या चौघांचे मूळ व्यवसाय भिन्न असले तरी क्रम बहुधा एकच दिसतो: प्रथम दुसऱ्या एखाद्या कलेत सिद्धी, नंतर एखादी लहान कृती, आणि तिच्यावर वा कर्त्यावर विश्वास ठेवणारी व्यक्ती. प्रतिभेची गणना इतिहासकार करतो; या विश्वासाची सहसा करीत नाही. त्यामुळे स्वतंत्र चित्रपटकार केवळ स्वबळावर उभा राहिला, असा समज रूढ होतो. वास्तविक चित्रसंस्थेपासून मिळविलेल्या त्याच्या स्वातंत्र्याचे मोल बहुधा पत्नीने, गायिकेने किंवा मित्राने चुकविलेले असते. ज्यांना असे कोणी लाभले नाही, त्यांचे चित्रपटच निर्माण झाले नाहीत. म्हणून त्यांची नावेही सूचीत आढळत नाहीत. चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकाच्या नावाशेजारी त्याचा निर्वाह चालविणाऱ्याचेही नाव नोंदविल्यास ही उणीव काही अंशी तरी भरून निघेल.