मुद्रणातच घडणारे संयोजन

मराठी भावगीतांच्या तबकड्या आणि कॅसेट जमवणाऱ्यांना गायक, कवी आणि संगीतकार यांच्याबरोबर आणखी एक श्रेय परिचयाचे असते: संगीत संयोजन. अनिल मोहिले, श्यामराव कांबळे ही नावे ज्यांच्या कानावर आहेत त्यांना हे काम समजावून सांगायला नको. चाल संगीतकाराची. पण व्हायोलिनने कुठे उठायचे, गिटारने कोणती कॉर्ड धरायची आणि कोणत्या ओळीला गप्प राहायचे, हे संयोजक ठरवत असे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या संगीतज्ञांनी या कामाला शिस्त दिली. स्वरलिपी कागदावर उतरायची, वादक ती पुढे ठेवून एकत्र वाजवायचे, ध्वनिमुद्रक ते टिपायचा. संयोजन आधी आणि मुद्रण मागून, असा तो क्रम होता.

आपले अभ्यासक्षेत्र, म्हणजे मुद्रण करता करताच घडणारे गिटारचे संयोजन, हा क्रम मोडतो तिथून सुरू होते. संगणकापुढे गिटार घेऊन बसलेला वादक पहिला ट्रॅक मुद्रित करतो, तो ऐकत दुसरा वाजवतो, दुसरा ऐकून पहिल्यातला अर्धा भाग काढून टाकतो. काय वाजवायचे हे त्याला वाजवून झाल्यावर कळते. कागद कुठेच नसतो. अशा वेळी संयोजनाचा अभ्यास करणाऱ्याने पाहायचे कशाकडे? माझे उत्तर असे की मुद्रण आणि संयोजन ही एकच कृती मानावी, आणि माइकची जागा, ट्रॅकची बाजू, टेकची (एकाच भागाच्या अनेक वादनांपैकी एकाची) निवड यांना स्वरांइतकेच रचनेचे घटक म्हणून वाचावे. हे मान्य करणाऱ्या कुणालाही या क्षेत्रात प्रवेश आहे. गिटार येत असेल तर उत्तम, येत नसेल तरी कान पुरतात.

उदाहरणांसाठी मी ऑस्ट्रेलियाकडे वळतो, कारण हा बदल त्या एका देशात पायरीपायरीने ऐकू येतो.

पहिली पायरी सिडनीच्या किंग स्ट्रीटवरची. तिथल्या अल्बर्ट स्टुडिओत १९७४ च्या अखेरीपासून एसी/डीसी या बँडने आपले सुरुवातीचे अल्बम मुद्रित केले. निर्माते होते हॅरी वांडा आणि जॉर्ज यंग. माल्कम आणि अँगस हे बँडमधले दोन गिटारवादक जॉर्जचे धाकटे भाऊ. हे यंग कुटुंब १९६३ मध्ये ग्लासगोहून ऑस्ट्रेलियात आले होते. त्या मुद्रणांत दोन गिटार वेगळ्या कानांना दिलेल्या असतात. माल्कमची ग्रेच, कमी डिस्टॉर्शनची, कॉर्डच्या तारा सुट्या ऐकू येतील अशी. अँगसची गिब्सन एसजी अधिक जळजळीत. पुष्कळदा दोघे एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा, वाजवतात, तरी आवाज गढूळ होत नाही, कारण एकाच्या ध्वनीत जे नाही ते दुसऱ्याच्या ध्वनीत आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: माल्कम थांबतो. दोन कॉर्डांमधली मोकळी जागा तो तारांवर हात ठेवून अगदी बंद करतो, आणि ड्रमचा आवाज त्या जागेतून बाहेर येतो.

‘लेट देअर बी रॉक’च्या मुद्रणात अँगसच्या ॲम्पमधून धूर येऊ लागला आणि तरीही जॉर्जने त्याला वाजवत राहायला सांगितले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. सगळे एका खोलीत एकदम वाजवत असताना लागलेला सूर पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नसते, हे जॉर्जला ठाऊक होते. पण याच जॉर्जने ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ हे १९७५ चे गाणे एका लांबलचक सलग वादनातून टेप कापून, तुकडे जोडून उभे केले, असेही तिथल्या ध्वनिमुद्रकाने नंतर सांगितले आहे. म्हणजे खोलीत घडणारे वादन आणि नंतर घडणारी रचना ही दोन्ही टोके एकाच माणसाच्या हातात आली होती. संगणकाच्या आधीच संयोजन मुद्रणात शिरले होते, आणि या क्षेत्राचा इतिहास सॉफ्टवेअरपासून सुरू करणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो इथेच.

दुसरी पायरीही सिडनीचीच. १९७९ मध्ये पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय हे यंत्र बाजारात आणले. नाव सिडनी बंदरातल्या एका फेरीबोटीवरून घेतलेले. बाहेरचा कोणताही आवाज जेमतेम सेकंदभर साठवून तो कीबोर्डवर वेगवेगळ्या स्वरांत वाजवण्याची सोय त्यात होती. पीटर गॅब्रिएल, केट बुश हे त्याचे सुरुवातीचे वापरकर्ते. गिटारच्या अभ्यासकाला मात्र या यंत्रातले ‘पेज आर’ महत्त्वाचे. १९८२ च्या सुमारास आलेल्या या पडद्यावर काळ डावीकडून उजवीकडे जातो, वाद्ये एकाखाली एक असतात आणि स्वर ठरावीक चौकटींत बसतात. आजच्या क्यूबेस, लॉजिक किंवा ॲबलटन लाइव्ह या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा पडदा पाहिलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. संयोजन आता डोळ्यांना दिसू लागले.

तिसऱ्या पायरीसाठी खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ आणि फ्रीमँटलला जावे लागते. केव्हिन पार्कर हा टेम इम्पाला या नावाखाली मुद्रणे करतो, आणि त्यांतली बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवतो. लहानपणी दोन टेपरेकॉर्डर वापरून तो स्वतःच्या वादनावर दुसरे वादन चढवत असे. २०१० चा ‘इनरस्पीकर’ त्याने समुद्रकाठच्या एका घरात मुद्रित केला, तेव्हा मिश्रण डेव्ह फ्रिडमनने केले होते. २०१५ च्या ‘करंट्स’मध्ये लेखन, वादन, मुद्रण, मिश्रण सगळे त्याचे एकट्याचे. त्यातले ‘लेट इट हॅपन’ हे जवळजवळ आठ मिनिटांचे गाणे मध्येच, सीडी अडकावी तसे, एका तुकड्यावर अडकून राहते आणि त्या अडकण्यातूनच पुढचा भाग उगवतो. ही कल्पना कागदावर सुचणे कठीण. ट्रॅकचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यालाच ती सुचते.

इतिहासाइतकेच हाताचे ज्ञानही लागते, आणि वाचकाने ते तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये. एका ट्रॅकची प्रत काढून दोन्ही बाजूंना एकेक ठेवली की गिटार रुंद होईल, असे नवशिक्याला वाटते. होत नाही. दोन लहरी तंतोतंत सारख्या असल्याने कानाला आवाज मधूनच, फक्त मोठा होऊन येतो. रुंदी हवी असेल तर तोच भाग पुन्हा वाजवावा लागतो. दोन टेकमधला काही मिलिसेकंदांचा आणि किंचितशा सुराचा फरक म्हणजेच ती रुंदी. एक गिटार उघड्या तारांवर ‘जी’ (G) कॉर्ड वाजवत असेल आणि दुसरी पाचव्या पट्टीवर कॅपो लावून ‘डी’ (D) कॉर्डचा आकार धरत असेल, तर कॉर्ड तीच राहते पण स्वर वेगळ्या उंचीवर पसरतात. संयोजकाची खरी कारागिरी मला अशा जागी दिसते.

वाजवलेला स्वर संगणकातून परत कानावर येईपर्यंतच्या विलंबाचेही तसेच. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, १२८ नमुन्यांचा असेल तर त्यातून येणारा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद. बफर १,०२४ चा केला की तोच २१ मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे ॲम्प सात मीटर दूर ठेवून वाजवल्यासारखे. वादक नकळत मागे रेलतो किंवा घाई करतो, आणि त्या गाण्याची लय कुणी न ठरवता बदलते. कंपनसंख्यांचेही भान हवे: गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, बेस गिटारची ४१ ची. अकूस्टिक गिटारमधले शंभर हर्ट्झखालचे ध्वनी छाटले तर ती एकटी ऐकताना पातळ वाटते आणि सगळ्यांत मिसळली की नेमकी बसते. म्हणून एकच ट्रॅक ऐकवणारे ‘सोलो’चे बटण दाबून एकेका ट्रॅकला सजवत बसण्याची सवय मी घातक मानतो.

ट्रॅकची संख्या आता अमर्याद झाली आहे, पण जास्त ट्रॅक म्हणजे समृद्ध संयोजन, असे अभ्यासकाने धरून चालू नये. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एल्को बेटाचे, योल्ङु या आदिवासी समाजातले जन्मांध गायक गुरुमुल युनुपिंगु उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवत. २००८ च्या त्यांच्या अल्बममध्ये गिटार, कंठ, मायकेल होनेनचा डबल बेस आणि फार थोडे आणखी काही आहे. तिथे न घेतलेले ट्रॅक हाच संयोजनाचा निर्णय होता.

मराठी वाचक या क्षेत्रात एक प्रश्न घेऊन येतो, बांधलेल्या सुरांत आपले संगीत मावते का हा, आणि त्याने तो सोडू नये. ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमवर बंदी घातली होती. वाद होता तो बांधलेल्या सुरांचा, मींड आणि श्रुती हरवण्याचा. सॉफ्टवेअरचा पडदाही सप्तकाचे बारा समान भाग आणि क्लिकची, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यांची, समान चौकट गृहीत धरून उघडतो. मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने २०१७ च्या ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’साठी पाव स्वरांच्या जादा पट्ट्या बसवलेल्या गिटार वापरल्या. ऑस्ट्रेलियाचेच तबलावादक बॉबी सिंग हे मुंबईच्या पं. अनीश प्रधान यांचे शिष्य. जेफ लँगची स्लाइड गिटार आणि मामादू दियाबातेचा कोरा यांच्या साथीने केलेल्या त्यांच्या ‘ज्यान ज्यान’ या अल्बमला २०१० चा ‘एरिया’ हा ऑस्ट्रेलियाचा संगीत पुरस्कार मिळाला. पट्टी नसलेली स्लाइड आणि तालाचे आवर्तन सॉफ्टवेअरच्या या चौकटीत कसे वागतात, यावर मराठीतून लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते लिहिण्याची तयारी आपल्या कानांची आधीच झालेली आहे.

सुरुवातीला एकच गाणे घ्यावे. एसी/डीसीचे १९७५ चे कोणतेही चालेल. हेडफोनचा आधी डावा कान ऐकावा, मग उजवा, मग दोन्ही. प्रत्येक गिटार कोणत्या मात्रेवर येते, कुठे थांबते, दुसरीने कुठे जागा दिली, हे मिनिट-सेकंदासह वहीत उतरवावे. मग तेच गाणे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन त्याच्या शेजारी दोन रिकामे ट्रॅक उघडावेत आणि दोन्ही गिटार स्वतः, किंवा एखाद्या वादक मित्राकडून, वाजवून पाहाव्यात. वहीतल्या नोंदी आणि आपला टेक जिथे जुळणार नाहीत, तिथून अभ्यास सुरू करावा.