नकाशावर न आलेला माणूस : टील लेकचा लोहपट्टा

मंडळी, आज आपण अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मार्केट लोहपट्ट्याचे जुने नकाशे वाचणार आहोत. लेक सुपीरियरच्या दक्षिणेला टील लेक नावाचं छोटं, लांबट तळं आहे. निगॉनी हे गाव त्याच्याच काठी. १९ सप्टेंबर १८४४ला सरकारी मोजणीदार विल्यम बर्ट इथे हद्दी आखत होता, आणि त्याच्या होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीकडेच वळली. कारण जमिनीत लोखंड! बर्टकडे स्वतः शोधलेलं, सूर्यावरून दिशा काढणारं यंत्र होतं, म्हणून काम अडलं नाही. पाठ्यपुस्तकं याला 'शोध' म्हणतात.

मला हा शब्द खटकतो. तिथल्या ओजिब्वे लोकांनी ही जमीन दोनच वर्षांपूर्वी, १८४२च्या तहात सोडलेली. १८४५मध्ये फिलो एव्हरेट खनिज शोधत आला, तेव्हा त्याच्या मंडळींना खडक दाखवला तो मार्जी-गेसिक या ओजिब्वे प्रमुखाने. त्याबद्दल जॅक्सन कंपनीने १८४६ साली त्याला हिश्श्याचा कागद लिहून दिला. पैसे मात्र दिले नाहीत! त्याच्या मुलीने, शार्लट कॉबॉगमने, कोर्टात दावा लावला. कंपनीचा एक बचाव असा, की तुमच्या आईवडिलांचं लग्न आमच्या कायद्यात बसत नाही. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने जमातीच्या रिवाजाने झालेलं लग्न ग्राह्य धरलं. हा निकाल १८८९चा, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. आणि कंपनीचं नाव नकाशावर खाणीच्या रूपाने केव्हाच छापून आलं होतं.

आता दोन काळांचे नकाशे शेजारी ठेवा. व्हॅन हाइज आणि बेली यांच्या १८९७च्या ग्रंथासोबत या पट्ट्याचा अ‍ॅटलास निघाला. पुढच्या काळातल्या नकाशांत काही समोच्च रेषांना आतल्या बाजूने बारीक दाते दिसतील. ही टेकडी नव्हे, खड्डा. खालून धातुक पोखरून काढलं की वरची जमीन खचते. निगॉनीत असा भाग कुंपण घालून बंद करावा लागला. घरं उचलून दुसरीकडे नेली. शेजारच्या इश्पेमिंगला तर लेक अँजेलिन हे अख्खं तळंच उपसलं, कारण धातुक त्याच्या तळाखाली होतं. तेव्हा निळा रंग दिसला म्हणून पाणी असेलच असं समजू नका. आधी कोपऱ्यातलं साल बघा. आता पुढचा नकाशा घेऊ.