मेल गेली, पण पोचली का?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला एक प्रश्न जन्मभर पुरतो. "अहो, मेल पाठवली होती, पोचली का?" बोईसरला तारापूर एमआयडीसीत तर हा प्रश्न पैशांचा आहे. इथून रसायनं, औषधांचा कच्चा माल, कापड, पोलाद बाहेर जातं, आणि मालाआधी जाते ती मेल: भाव, नमुन्याचा रिपोर्ट, प्रोफॉर्मा इनव्हॉइस. ती समोरच्याच्या स्पॅममध्ये पडली की गिऱ्हाईक भांडत नाही, दुसऱ्याकडे जातं. आपल्याला कळतसुद्धा नाही.

अशाच एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर मी सुट्टीच्या दिवशी बघतो. लॉग उघडला की ४५१, ५५०, ५५४ असे आकडे दिसतात. नवखा माणूस लगेच कॉन्फिगरेशन फाइल उघडून खुडबुड करायला लागतो. पण यातल्या बहुतेक आकड्यांच्या मागे कोणीतरी केलेला विश्वासघात आहे. तो माहीत असला की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सगळे ओळखीचे होते तेव्हा

मेल कशी पोचवायची याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. पाठवणारा कोण हे पाठवणाऱ्यानेच सांगायचं आणि ऐकणाऱ्याने मान्य करायचं, अशी ती रीत. पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून काय लिहिलंय ते पोस्टमन कुठे तपासतो? तसंच. त्याच सुमाराला बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल लिहिलं. ते कोणाचीही मेल घ्यायचं आणि कोणाकडेही पुढे ढकलायचं.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू झाली ती मुंबईत. जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमध्ये १९८६-८७ च्या सुमारास डायल-अप जोडणी झाली आणि अर्नेटच्या मेलला सुरुवात झाली. मशीनने फोन लावायचा, साठलेली टपालं द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. मोजक्या संस्था, मोजकी माणसं. अशा ठिकाणी दुसऱ्याची मेल पुढे पाठवणं हा शेजारधर्म होता. ओळखपत्र मागणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तोवर जगभर जाहिरातवाल्यांना हा शेजारधर्म सापडला होता. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून लाखभर मेल फुकट पाठवता येत होत्या.

१९९८ चा उन्हाळा

११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला 'मिलवर्म' नावाच्या टोळक्याने बीएआरसीच्या सर्व्हरमध्ये शिरून शास्त्रज्ञांच्या मेल पळवल्या. हे टोळकं म्हणजे वेगवेगळ्या देशांतली पोरं, बरीचशी विशीच्या आतली. आत शिरायची वाट सेंडमेलमधल्या एका भोकातून होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. हे घडलं तुर्भ्याच्या बीएआरसीत. पण बीएआरसीचं काम तारापूरलाही चालतं आणि १९६९ पासून इथे अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे आमच्या भागाला ही बातमी परक्याची नव्हती.

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात सेंडमेलची ८.९ आवृत्ती आली. तिच्यात कोणाचीही मेल पुढे ढकलायची सोय पहिल्यांदाच मुळात बंद ठेवलेली होती. डिसेंबर १९९८ मध्ये व्हिट्झे व्हेनेमा यांचं मोफत मेल सॉफ्टवेअर आलं. तेच आजचं पोस्टफिक्स. एकच मोठा प्रोग्रॅम सगळ्या अधिकारांनी चालवण्याऐवजी कामं वाटून घेतलेले छोटे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे एकाला भोक पडलं तरी घर शाबूत. शेजारधर्म संपला तो याच वर्षी, असं माझं मत आहे. आज लॉगमध्ये 'रिले नाकारला' असा ५५४ दिसतो, तो या वर्षाचा वारसा आहे.

सांडपाण्याचा न्याय

दुसरा उपाय होता काळ्या यादीचा. पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी १९९७ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी डीएनएसमधून वाटायला सुरुवात केली. १९९८ मध्ये स्पॅमहाउस आलं. २००७ पासून त्यांची एक यादी तर घरगुती जोडण्यांच्या पत्त्यांचीच आहे. म्हणजे पालघरच्या फ्लॅटमध्ये ब्रॉडबँडवर सर्व्हर मांडलात तर गुन्हा न करताच तुम्ही यादीत असू शकता.

आमच्याकडे हे पटकन समजतं. एमआयडीसीत अनेक कारखान्यांचं सांडपाणी सामायिक केंद्राकडे जातं. एकाने रात्री भलतंच काही सोडलं तरी बोट सगळ्यांकडे दाखवलं जातं. आयपी पत्त्यांचंही तसंच. शेजारच्या पत्त्यावरच्या मशीनला व्हायरस झाला, तर कधी कधी अख्ख्या गटाला ५५० मिळतो. इथे फाइलीत बदल करून काही उपयोग नाही. पत्ता बदलायचा किंवा यादीवाल्यांकडे अर्ज करायचा.

उलट्या नोंदीचंही तेच. नावावरून पत्ता आपण आपल्या डीएनएसमध्ये लिहितो, पण पत्त्यावरून नाव ज्याच्याकडून पत्ता घेतला त्यानेच लिहायचं असतं. आमच्या इंटरनेटवाल्याच्या फोनवरच्या माणसाला हे काय असतं ते समजावण्यातच तीन आठवडे गेले. असो.

४५१ मात्र निरुपद्रवी. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी युक्ती सुचवली: अनोळखी सर्व्हरला आधी 'नंतर या' म्हणायचं. स्पॅमवाला परत येत नाही, खरा सर्व्हर येतो. तेव्हा ४५१ दिसला तर चहा घेऊन या. :)

सही आणि शिक्का

'प्रेषक' खोटा लिहिता येतो हे १९८२ चं दुखणं शिल्लकच होतं. त्यावर एसपीएफ आलं (एप्रिल २००६): माझ्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. मग डीकेआयएम (मे २००७): प्रत्येक मेलवर डिजिटल सही. मग डीमार्क (मार्च २०१५): या दोन्ही तपासण्या फसल्या तर काय करायचं ती सूचना. निर्यातदाराला हे हवंच. त्याच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय' अशी खोटी मेल गिऱ्हाइकाला गेली, तर पैसे कुठे जातील ते सांगायला नको.

एक नेहमीची अडचण सांगतो. मालक म्हणतात, "विक्रीची मेल माझ्या जीमेलवर पण येऊ दे." आपण फॉरवर्ड लावतो. आता गिऱ्हाइकाची मेल आपल्या सर्व्हरवरून जीमेलला जाते आणि गिऱ्हाइकाच्या एसपीएफ यादीत आपण नसतो. तपासणी फसते. डीकेआयएमची सही मात्र मजकूर न बदलल्यास टिकते. म्हणून वाटेत तळटीप चिकटवणारी सोय बंद ठेवायची.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे सगळं सक्तीचं केलं. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि बरोबर उलटी नोंद हवी. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही हवं.

उत्तर द्यायचं कोणी?

इथपर्यंत माझी तक्रार नाही. प्रत्येक कुलूप चोरी झाल्यावरच लागलंय. पण जुन्या नियमांत आणखी एक वचन होतं. समोरचा सर्व्हर '२५०' म्हणाला की मेलची जबाबदारी त्याची: पोचव, नाहीतर पोचली नाही असं कळव. आज लॉगमध्ये २५० असतो, आपण निर्धास्त होतो, आणि मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून राहते. नकाराचा आकडा नाही, कारण नाही. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स आहे, पण दिवसाला चाळीस मेल पाठवणाऱ्याला त्यात बहुधा रिकामा तक्ता दिसतो.

५५० परवडला, कारण त्यात निदान उत्तर असतं. नियम पाळणाऱ्या छोट्या माणसाला आज जड जातंय ते हे मौन. त्याला कंटाळून लोक सर्व्हर बंद करतात आणि टपाल दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या हवाली करतात. मग पुढचे नियमही त्याच ठरवतात.

तोवर काय करायचं? आधी लॉगमध्ये २५० आहे का बघा. नसेल तर आकड्याप्रमाणे: रांग, उलटी नोंद, काळ्या याद्या, एसपीएफ, सही, याच क्रमाने. आणि २५० असूनही दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर सरळ फोन उचला.