बॉम्बे हायवरील वायुज्वलन : अपव्यय आणि संरक्षण

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कोयनेच्या विजेची जेवढी चर्चा झाली, तेवढी बॉम्बे हायच्या नैसर्गिक वायूची झाली नाही. जी झाली तीही बहुतांशी भर समुद्रात अहोरात्र जळणाऱ्या ज्वालांपुरतीच. या ज्वाला म्हणजे राष्ट्रीय संपत्तीची उघड नासाडी, असे एक मत आहे. तेलोत्पादनाचे ते अटळ अंग होय, असे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत. एकाच नळीच्या तोंडाशी दोन भिन्न कारणांनी वायू जळत असतो, आणि ही कारणे वेगळी केल्यावाचून या विषयाचा इतिहास लिहिता येत नाही.

तेल व वायू समुद्रातच का लाभावे, याचा उलगडा होण्यास सातारा जिल्ह्याची भूरचना उपयोगी पडते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसर भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. अलीकडे तेथे खोल वेधनछिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी गोठणे येथील छिद्र २०१७ साली सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. या छिद्रांत काळ्या कातळाखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा स्फटिकी खडक लागला. दोहोंच्या मध्ये गाळाच्या खडकांचा थर आढळला नाही. खनिज तेल गाळाच्या खडकांत निर्माण होते. ते थरच नसतील तेथे तेलाची आशा धरणे व्यर्थ होय. याउलट पश्चिमेस समुद्राखाली त्याच काळ्या कातळावर गाळाचे जाड थर साचले, आणि त्यांतील चुनखडकात तेल व वायू साठून राहिले.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या वेधनतराफ्याने फेब्रुवारी १९७४ मध्ये हे तेल शोधून काढले. १९७३ च्या अखेरीस जागतिक बाजारात तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले होते आणि परकीय चलनाची चणचण तीव्र होती. साहजिकच तेल व नैसर्गिक वायू आयोगाने घाई केली, आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल जहाजांत भरून किनाऱ्यास आणले जाई. तेलासोबत विरघळलेल्या स्थितीत वर येणाऱ्या वायूची मात्र अशी सोय करता येत नव्हती. १९७८ साली उरणपर्यंत समुद्रतळावरून वाहिन्या टाकल्या गेल्या, तोवर त्याला किनाऱ्यावर येण्यास मार्गच नव्हता.

वाहिनी आली तरी प्रश्न संपला नाही. कारण तेलाचे उत्पादन ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने वायूचे ग्राहक निर्माण झाले नाहीत. १९८०-८१ साली देशात सुमारे २.३६ अब्ज घनमीटर वायू निघाला. त्यांतील सुमारे ०.७७ अब्ज, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, जाळला गेला. १९९०-९१ साली उत्पादन १८ अब्जांच्या घरात गेले आणि जाळलेला वायू ५ अब्जांवर पोहोचला. याच दशकात उरणचे वायुविद्युत् केंद्र, थळचा खत कारखाना, नागोठण्याचा रसायन प्रकल्प आणि हजिरा–बिजापूर–जगदीशपूर वाहिनी ही कामे उभी राहिली; ती पुरी होतील तसतसे ज्वलनाचे प्रमाण पुढे उतरत गेले. तेव्हा या ज्वलनाचे मूळ नियोजनाच्या क्रमात होते : तेल आधी, वायू मागाहून. जे कारखाने उभारल्याने विझते, त्यास अटळ म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या ज्वलनाचे स्वरूप वेगळे आहे. तेलापासून वेगळा केलेला वायू कॉम्प्रेसरने दाबून वाहिनीत घालावा लागतो. कॉम्प्रेसर एकाएकी बंद पडला, वाहिनीत बिघाड झाला किंवा कोठे गळती लागली, तर विहिरींतून येणारा ओघ त्याच क्षणी थांबत नाही आणि भांड्यांतील दाब भराभर चढू लागतो. अशा वेळी झडपा उघडून वायू एका लांब नळीने प्लॅटफॉर्मपासून दूर नेतात आणि तेथे सदैव तेवत ठेवलेल्या लहान ज्योतीवर तो पेटतो. न जाळता सोडलेला वायू स्फोटक मिश्रण करू शकतो. शिवाय त्यातील मिथेन वातावरणात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो.

कृष्णाकाठच्या अभ्यासकास यात धरणाच्या सांडव्याचे तत्त्व ओळखू येईल. कोयना धरणाचे सहा दरवाजे पुराच्या वेळी उघडले, तर ते पाणी वाया गेले असे कोणी म्हणत नाही. ते न उघडणे धरणाला धोक्याचे ठरेल. परंतु कालवे खोदले नाहीत म्हणून दरवर्षी पाणी सोडावे लागले, तर त्यास पूर म्हणता येणार नाही. साम्य येथवरच आहे. शिवाजीसागरात १०५ अब्ज घनफूट पाणी साठते; समुद्रातील प्लॅटफॉर्मला असा जलाशय नाही, म्हणून त्याचा सांडवा क्षणाच्या सूचनेवर उघडावा लागतो.

या सांडव्याची मर्यादा २७ जुलै २००५ रोजी दिसून आली. जखमी कर्मचाऱ्यास उतरवून देण्यासाठी आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज खवळलेल्या समुद्रात बॉम्बे हाय उत्तर प्लॅटफॉर्मच्या वायुवाहक उभ्या नळीवर आदळले. नळी फुटून आग लागली, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ माणसे प्राणास मुकली; साडेतीनशेहून अधिक वाचविण्यात आली. ज्वालेकडे नेणाऱ्या नळीपर्यंत जो वायू पोहोचतो, त्याचेच नियंत्रण होऊ शकते. वाटेतच निसटलेला वायू माणसांमध्येच पेटतो. नियंत्रित ज्वाला कशापासून संरक्षण करते, हे या दुर्घटनेने दाखविले.

जागतिक बँकेने २०१५ साली २०३० पर्यंत नित्याचे वायुज्वलन बंद करण्याचा उपक्रम पुढे मांडला, तेव्हा सुरक्षेसाठीचे ज्वलन त्यातून वगळले. हा भेद योग्यच आहे. मात्र त्यात एक पळवाट राहते. जोडीचा कॉम्प्रेसर नसल्याने दर महिन्यास जाळावा लागणारा वायू आपत्कालीन म्हणावा की नित्याचा? उत्पादनाच्या वार्षिक तक्त्यांत जाळलेल्या वायूचा एकच रकाना असतो. नियोजनाची चूक आणि प्राणरक्षणाचा उपाय यांची त्यात बेरीज होते. या रकान्यावरून अपव्ययाचा निष्कर्ष काढणारा आणि त्याच रकान्यावरून अपरिहार्यता सिद्ध करणारा, असे दोघेही एकच चूक करतात. ज्वलनाची प्रत्येक वेळ, तिचे कारण आणि तिचा अवधी यांची नोंद वेगळी झाली, तरच कोणती ज्वाला विझवावयास हवी होती आणि कोणती तेवत ठेवणे भाग होते, याचा निवाडा करता येईल.