तळटीप : ऑल्डबराचे ‘क्रॅग हाउस’

७. क्रॅग हाउस : संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचे सफोक परगण्यातले हे पहिले घर नव्हे. आईच्या निधनानंतर वारशाच्या पैशांतून त्यांनी १९३७मध्ये स्नेपची जुनी पवनचक्की घेतली होती. पण तिथे नदीकाठची दलदल आणि लव्हाळी; समुद्र काही मैल दूर. लोस्टॉफ्टला समुद्रासमोरच्याच घरात जन्मलेल्या (१९१३) माणसाचे त्यावर कसे भागावे? पुढे कॅलिफोर्नियात असताना कादंबरीकार फॉर्स्टर यांचा जॉर्ज क्रॅब या ऑल्डबराच्या कवीवरचा लेख वाचनात आला आणि मायदेशाची ओढ अनावर झाली. १९४२मध्ये ते परतले. ‘पीटर ग्राइम्स’ (१९४५) या ऑपेराचे मूळही त्या वाचनातच. १९४७मध्ये घेतलेल्या क्रॅग हाउसच्या खिडक्यांसमोरच गोट्यांचा किनारा होता. पत्ताही योगायोगाने क्रॅब स्ट्रीटचा. मात्र कीर्ती वाढली तसे किनाऱ्यावरच्या पायवाटेवरून बघे आत डोकावू लागले. अखेर १९५७मध्ये चित्रकर्त्री मेरी पॉटर यांच्याशी घरांची चक्क अदलाबदल करून ते समुद्रापासून जरा आत, ‘रेड हाउस’मध्ये गेले. तिथे लष्करी विमानांचा गोंगाट. तो चुकवण्यासाठी १९७०मध्ये घेतलेले हॉरमचे घर तर समुद्रापासून आणखीच लांब आहे. — संपादक